पुण्याच्या जवळचे गाव

माझे लग्न ठरले तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला होता, "गाव किती लांब आहे?" मध्यस्थी करणाऱ्या काकांनी तंबाखू मळता मळता सांगितले, "लांब कसले वहिनी, सासवडच्या जरा पुढे. अगदी जवळ." ही गोष्ट १९९८ सालची. आम्ही तेव्हा हडपसरला राहत होतो आणि दिवे घाट चढून गेले की सासवड येते, यापलीकडे मला त्या भागाची माहिती नव्हती. काकांच्या त्या 'जवळ' शब्दाचा अर्थ उमगायला मला बरीच वर्षे लागली, आणि उमगला असे वाटेपर्यंत तो बदललेला असतो.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरी रस्ता सोडून पाच किलोमीटर आत आहे. गावठाणात शंभर-सव्वाशे उंबरे आणि शिवारात विखुरलेल्या चार वस्त्या, एवढाच पसारा. गावात दळण होते, डेअरीवर दूध घातले जाते, किराणा मिळतो आणि सातवीपर्यंत शाळा आहे. त्यापुढचे सारे बाहेर. बँक, तहसील कचेरी, खते-औषधे, कॉलेज आणि लग्नाचा बस्ता यांसाठी सासवड. कारखान्यातल्या कामासाठी जेजुरीची एम.आय.डी.सी. आणि नवसासाठी जेजुरीचा खंडोबा. मोठे दुखणे आणि मोठी बाजारपेठ यांसाठी पुणे, जे सासवडपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. नकाशावर पाहिले तर आम्ही तीन गावांच्या मध्ये अगदी सोयीस्कर बसलेलो आहोत. मात्र नकाशावर मुक्कामी गाडी दाखवलेली नसते.

संध्याकाळी येऊन रात्रभर गावातच थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी एस.टी. म्हणजे मुक्कामी गाडी. चालक आणि वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, आणि त्यांना कोणाच्या ना कोणाच्या घरून भाकरी-कालवण जाते. ही गाडी नसती तर आमच्या गावातल्या निम्म्या मुलींचे शिक्षण सातवीलाच थांबले असते, असे मी खात्रीने सांगू शकते, कारण मुलगे सायकलवर किंवा वडापच्या जीपला लोंबकळून जात, पण मुलींना तशी परवानगी नसे. पूर्वी सोयरीक जुळवताना विहिरीला पाणी किती आहे याच्याबरोबर "गाडी मुक्कामी आहे का?" हेही विचारले जाई. आता घरोघरी मोटारसायकल आहे, तरी पहाटे सहाला गाडीचा हॉर्न वाजला की त्यावर चहाचे आधण ठेवण्याची सवय माझ्या सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, सुटलेली नाही.

अंतर खरोखर कशाने मोजावे हे मला अंजिराने शिकवले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरातल्या लोकांना ते फळ अचानक प्रतिष्ठित वाटू लागले. आमच्याकडे मात्र ते आधीपासूनच घरातल्या नाजूक प्रकृतीच्या माणसासारखे सांभाळले जाते. मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होतो. पहाटे अंधारातच तोडणीला जावे लागते, देठातून निघणारा पांढरा चीक बोटांची साले काढतो म्हणून हाताला तेल चोळावे लागते, आणि तोडलेले फळ पाटीत अंजिराच्याच पानांवर हलक्या हाताने मांडावे लागते. पिकलेले अंजीर एक दिवस राहते, फार तर दोन. सीताफळाचे तसे नसते. डोळे उघडू लागलेले सीताफळ तोडले तर पिकायला थोडा अवधी देते, आणि भाव पडलेला असला तर माणूस जरा विचार करू शकतो. अंजीर विचार करायला वेळच देत नाही. एका वर्षी दिवे घाटात मालाने भरलेला ट्रक उलटला आणि आमचा टेम्पो चार तास तिथेच उभा राहिला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाट्या उतरवल्या तेव्हा वरचा थर बसलेला होता आणि खालच्याचा रस गळत होता. दुसऱ्या दिवशी आलेली विक्रीची पट्टी पाहून माझे यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी ती घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवली. त्या दिवशी पुणे आमच्यापासून किती लांब होते, हे किलोमीटरात सांगता येणार नाही.

याच रस्त्याने एका रात्री आम्हाला उलटा अनुभवही दिला. वाटाण्याचा हंगाम होता, म्हणजे पावसाळ्याचे दिवस. रात्री दोनच्या सुमारास माझ्या सासऱ्यांच्या, मामांच्या, छातीत कळ आली. शेजारच्या भावकीतल्या एकाचा टेम्पो वाटाण्याची पोती भरून बाजाराला निघण्याच्या बेतात होता. पोती उतरवण्यात वेळ जाईल म्हणून त्याने ती उतरवलीच नाहीत. मामांना पुढे बसवले, मी त्यांना धरून बसले, आणि माझे यजमान व आणखी दोघे ताडपत्रीखाली पोत्यांवर बसले. घाटात दाट धुके होते आणि समोरचा रस्ता चार हातांपलीकडे दिसत नव्हता, तरी साडेतीनच्या आत आम्ही हडपसरच्या दवाखान्यात पोहोचलो. मामा वाचले. टेम्पोवाला तसाच पुढे यार्डात गेला आणि सकाळी पिशवीभर केळी घेऊन परत आला. त्या दिवशी वाटाण्याला भाव चांगला मिळाला होता, हे तो अजूनही त्या रात्रीचा विषय निघाला की न चुकता सांगतो.

पाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण शहराशी असलेले आमचे खरे नाते त्यात आहे. तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेचा. कऱ्हा नदी म्हणायला आमची, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात दगडगोटेच दिसतात. १९७२ च्या दुष्काळात आत्यांनी रोजगार हमीच्या नव्हे, त्याआधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडलेली आहे, आणि हा फरक त्या आवर्जून सांगतात. पुढे पुरंदर उपसा सिंचन योजना झाली आणि मुळा-मुठेचे पाणी पंपांनी डोंगर चढून आमच्या बाजूला येऊ लागले. पुण्याच्या खाली वाहणारी मुळा-मुठा म्हणजे काय, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. शहराने अंघोळ केलेले, धुणे-भांडी केलेले पाणी विजेच्या खर्चाने वर चढते, शेतकरी पैसे भरून ते घेतात आणि बंधारे, ओढे भरून घेतात. पाणी सुटल्यावर ओढ्याला फेस दिसतो आणि वास येतो. पहिल्या वर्षी मी नाकाला पदर लावला, तेव्हा आत्या म्हणाल्या, "नाक धर, पण पाण्याला नावं ठेवू नको." जिथे ज्वारीचीही खात्री नव्हती तिथे आज बागा उभ्या आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी पिणे आम्ही सोडले आहे, हेही तितकेच खरे. शहर सकाळी आमचे दूध, पालेभाजी आणि फळे घेते, आणि त्याचे पाणी आम्हाला देते. या देवघेवीचा हिशोब कोणाच्या बाजूने झुकतो, हे मला आजवर नीट मांडता आलेले नाही.

अलीकडे आम्हाला 'जवळ' ठरवणारी आणखी एक जमात आली आहे, प्लॉट विकणाऱ्यांची. मुख्य रस्त्याच्या फाट्यावर फलक लागला आहे, 'पुण्यापासून फक्त ४५ मिनिटे'. हा प्रवास पहाटे चारला, कोणीही समोरून येत नसताना मोजला असावा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे बारीक तुकडे करायला मनाई केली असली तरी एकाच सातबारावर दहा-अकरा अनोळखी नावे चढतात आणि प्रत्येकजण आपल्या गुंठ्याभोवती तार ओढतो. अशाच एका तारेने मसोबाच्या माळाकडे जाणारी आमची पायवाट बंद झाली. २०१६ मध्ये पुरंदरला विमानतळ जाहीर झाला. त्यात पारगाव, खानवडी, वनपुरी यांसह सात गावांची जमीन जाणार असे ठरले, आणि आमचे गाव त्यात नसूनही एजंटांच्या गाड्या पारापर्यंत येऊ लागल्या. माझी मावशी घाटाखाली फुरसुंगीला असते. तिचे गाव २०१७ मध्ये महापालिकेत गेले, पुढे २०२४ मध्ये ते वेगळ्या नगरपरिषदेत आले. ती जागची हलली नाही, शहरच चालत तिच्या दारापर्यंत आले. आत्यांचा मात्र दिवे घाटावर विश्वास आहे. पालखी सोडली तर पुण्याहून पायी वर चढून कोणी येत नाही, असे त्या म्हणतात.

फलक पाहून जमीन घेतलेले एक गृहस्थ दर रविवारी येतात. सज्जन आहेत, वाटेचे सांगितल्यावर त्यांनी तारेत फाटकही करून दिले. गेल्या चैत्रात जाताना ते आमच्याकडून डझनभर अंजिरे घेऊन गेले. मी त्यांना आज रात्रीच खा म्हणून बजावले होते. मंगळवारी त्यांचा फोन आला की फ्रिजमध्ये ठेवूनही फळे आंबली. रविवारी संध्याकाळी घाटात दोन तास अडकल्यामुळे घरी पोहोचल्यावर कोणालाच खाण्याची इच्छा उरली नव्हती. मी त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा अंजिरे देईन असे सांगितले, पण गाडी पारापाशी उभी करून, निघण्यापूर्वीच खाण्याच्या अटीवर.