क्षितिज मधोमध

"अरे, क्षितिज अगदी मधोमध? फोटोचे दोन तुकडे झाले की!" दोनापावलला सकाळी शेजारी ट्रायपॉड लावून उभे असलेले काका माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले.

गोव्यात समुद्र पश्चिमेला. पाण्यावरचा सूर्योदय हवा तर जुवारी नदीच्या मुखासारखी जागा गाठावी लागते. आज वारा पडलेला. वर केशरी पट्टा, खाली तस्साच. होडी आणि तिचं प्रतिबिंब यांतली रेघही दिसेना.

'रूल ऑफ थर्ड्स', म्हणजे क्षितिज मधोमध न ठेवता चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या एक-तृतीयांशावर ठेवायचा नियम, १७९७ साली एका इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांसाठी मांडला. मला तो पटतो. लाटा असत्या, आभाळ कोरं असतं, तर मीही क्षितिज वर सरकवलं असतं. पण दोन्हीकडे तेवढंच बघण्यासारखं असताना कापायचं कोणाला?

नवशिक्यांना आपण आधी नियमच का सांगतो? आधी नुसतं बघायला का नाही सांगत?