पहिला गिअर खाली का? डॉगलेगची भानगड

गाडी शिकवणाऱ्याने आपल्याला पहिलं काय सांगितलेलं असतं, तर डावीकडे घे आणि वर ढकल, की झाला फर्स्ट. हे अंगात इतकं मुरलंय की फेरारी ३२८ किंवा टेस्टारोसाचा गिअर पॅटर्न बघितला की वाटतं छापणाऱ्याने घोळ घातलाय. फर्स्ट डावीकडे खाली, त्याच्या डोक्यावर रिव्हर्स, मधल्या ओळीत सेकंड वर थर्ड खाली, उजवीकडे फोर्थ-फिफ्थ. याला डॉगलेग म्हणतात.

कारण गिअरबॉक्सच्या पोटात आहे. एका उभ्या ओळीतले दोन गिअर साधारण एकाच फोर्कवर (गिअर सरकवणारा काट्यासारखा भाग) असतात, फोर्क पुढे सरकला की एक, मागे सरकला की दुसरा, म्हणजे दांडा नुसता सरळ ओढायचा. पण ओळ बदलायची म्हटलं की आधी न्यूट्रल, मग आडवं सरकायचं, दुसरा फोर्क पकडायचा, आणि घाईत नेमकं तिथंच गडबडतं. नेहमीच्या पाच गिअरमध्ये ही आडवी उडी सेकंड-थर्डच्या मधे येते. रेसच्या ट्रॅकवर फर्स्ट लागतो फक्त सुटताना, नंतर वळणांवर सतत सेकंड-थर्ड, म्हणून फर्स्टला रिव्हर्ससोबत कोपऱ्यात बसवलं. थर्ड-फोर्थची उडी राहतेच म्हणा, फुकट काही मिळत नाही.

पोर्शने सुरुवातीच्या ९११ ला पाच गिअरच्या ९०१ बॉक्समध्ये हाच पॅटर्न दिला होता, १९७२ च्या मॉडेलपासून ९१५ बॉक्स आला तेव्हा मुकाट साध्या पॅटर्नवर आले. बीएमडब्ल्यूची ई३० एम३ अजून मजेशीर, युरोपात डॉगलेग आणि फिफ्थ सरळ १:१ (इंजिन जितकं फिरेल तितकाच बॉक्समधून निघणारा शाफ्ट), तीच गाडी अमेरिकेत साध्या पॅटर्नची आणि हायवेसाठी ओव्हरड्राइव्ह फिफ्थवाली, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरणार. गिऱ्हाईक बघून पुडी बांधली!

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती लॅम्बोर्गिनीची काउंटाच. इंजिन मागे पण उलटं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या पुढे थेट दोन सीटच्या मधे, त्यामुळे दांडा जवळजवळ सरळ बॉक्समध्येच उतरतो आणि ताकद मागच्या चाकांकडे न्यायला शाफ्ट इंजिनच्या तेलाच्या संपमधून (तळाच्या तेलाच्या भांड्यातून) मागे काढलाय (हे कुणाच्या डोक्यात आलं असेल देव जाणे). ९११ मध्ये उलट, दांड्यापासून मागे बॉक्सपर्यंत लांब रॉड, मधले बुश (सांध्यातली छोटी नळकांडी) झिजले की गिअर चाचपडत शोधायचे. आणि त्या जुन्या फेरारींमध्ये थंड असताना सेकंड पडायला नखरे करतो, तेल गरम होईपर्यंत लोक फर्स्टवरून डायरेक्ट थर्ड टाकतात.

आता हे नाशकात चालवायचं म्हटलं तर? संध्याकाळी द्वारका चौकात फर्स्ट-सेकंड-फर्स्ट-सेकंड करत सरकायचं, त्यात राइट हँड ड्राइव्ह असेल तर दरवेळी फर्स्टसाठी डावा हात लांबवायचा, फर्स्टच्या वरच रिव्हर्स आणि मागे रिक्षा बंपरला टेकलेली. नको रे बाबा. कसारा घाटात मात्र पहाटे ट्रक कमी असताना मी आनंदाने घेईन, कुणी देणार असेल तर सांगा, पेट्रोल माझं.