वर्षभर कोण कोण आलं आणि त्यांनी नक्की केलं काय

आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या जुन्या कोठारात, आर्टिस्ट रेसिडेन्सी सुरू होऊन वर्ष झालं. वेंगुर्ला आणि कुडाळच्या मधे कुठंतरी आम्ही आहोत, नेमकं गाव लिहीत नाही कारण मागे एका ग्रुपवर लोकेशन टाकलं तर रविवारी गाड्या भरून लोक 'होमस्टे आहे का' विचारत आले. होमस्टे नाहीये. सासऱ्यांचं चिऱ्याचं जुनं घर, मागे काजूच्या बागेत मांगर, त्यात पूर्वी गवत नि लाकडं भरलेली असायची, ती काढून जमीन केली, दोन मोठ्या खिडक्या पाडल्या, एक टॉयलेट बांधलं आणि झाला स्टुडिओ. कलाकार येतात, महिना-दीड महिना राहतात, काम करतात, जातात. एवढंच आहे खरं तर.

पण वाडीत हे समजावणं म्हणजे कठीण. शेजारच्या काकी पहिल्या आठवड्यापासून एकच प्रश्न विचारतायत. "गो, ती पुण्याची बाय दिवसभर करता तरी काय?" मी म्हटलं बघते, विचार करते, मग चित्र काढते. "आमी पण बघतांव, आमका कोण फुकट जेवाक घालता?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. फुकट नाहीये म्हणा, ज्यांना परवडतं ते राहण्या-जेवणाचे पैसे देतात, ज्यांना नाही त्यांचं आम्ही काजूच्या पैशातून भागवतो, पण काकींच्या प्रश्नाचा मुद्दा पैसे हा नव्हताच.

सुरुवात आम्ही मुद्दाम मृगाला केली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, पावसात कोण येणार कोकणात चित्रं काढायला. पण मला तेच हवं होतं. कारण अर्जांचा ढीग बघितला तर दहातल्या नऊ जणांना 'लाल माती, अथांग समुद्र आणि मुळांचा शोध' ह्यावर काम करायचं होतं. अरे तुमची मुळं पुण्यात सदाशिव पेठेत आहेत, ती इथं कशाला शोधताय! पावसात समुद्र गढूळ तपकिरी असतो, किनाऱ्यावर कचरा लागलेला असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, माती बघायला बाहेर पडलात तर गुडघाभर चिखल. पोस्टरमधलं कोकण ह्या दोन महिन्यांत नसतं. जे असतं ते बघायला तयार असणारीच माणसं आली, ती बरी निघाली.

पावसाळ्याबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते. कागद ओला होत नाही, पण तो कधी सुकतही नाही. वॉटरकलरचा वॉश सकाळी मारला तर संध्याकाळपर्यंत तसाच, कडा पसरत राहतात, पुण्याच्या मुलीने पहिले चार दिवस हेअर ड्रायर चालवला आणि मग लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. ऑइल तर विसराच. कॅनव्हासच्या मागे बुरा (बुरशी) येतो, चामडी सॅंडलवर येतो, पुस्तकांवर येतो, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत येतो, आणि आत आलेला बुरा पुसता येत नाही. शेवटी ती मुलगी न सुकणाऱ्या कागदावरच काम करायला लागली, रंग सोडायचा आणि तो कुठं जातोय ते बघत बसायचं, रोज सकाळी उठून त्याचं काय झालं ते नोंदवायचं. काकींना दिसलं ते हेच, बसता आणि बघता.

त्याच काळात मुंबईचा एक साउंडवाला मुलगा होता. बेडूक रेकॉर्ड करायला आला होता (बेडूक भरपूर मिळाले), पण त्याचा जीव अडकला छपरांवर. आमच्याकडे मे २०२१ च्या तौक्ते वादळात बऱ्याच घरांची कौलं उडाली, त्यानंतर वाडीतल्या अर्ध्या लोकांनी परत कौलं न घालता पत्रे घातले, स्वस्त पडतात आणि दरवर्षी कौलं परतायला माणूस शोधावा लागत नाही. तर हा घराघरात जाऊन पाऊस रेकॉर्ड करत बसायचा, कौलांवरचा, पत्र्यावरचा, प्लास्टिक घातलेल्या पडवीवरचा, नारळाच्या झापांवरचा. लोक आधी हसले. मग त्याने एका घरात हेडफोन लावून आजींना त्यांच्या जुन्या कौलारू घरासारख्याच एका घरातला पाऊस ऐकवला तर त्या म्हणाल्या, "हां, ह्या आवाजात झोप येता. पत्र्याखाली बोललेला पण ऐकाक येणा नाय." त्याचं पूर्ण काम आता ह्याच वाक्याभोवती उभं राहतंय असं तो परवा फोनवर सांगत होता.

श्रावण सुरू झाला की मग मात्र रेसिडेन्सी आमच्या हातात राहत नाही. गणपती! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे मूर्ती दुकानातून आणायची पद्धत अजून सगळीकडे आलेली नाही. घरचा लाकडी पाट गणपतीशाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, त्या पाटावर तुमची मूर्ती घडते आणि चतुर्थीला त्याच पाटासकट डोक्यावरून घरी येते. शाळेत ओळीने पाट मांडलेले असतात, कोणाचा कुठला ते शाळेतल्या काकांना पाठ. आमच्याकडे तेव्हा बडोद्यात शिकलेला एक शिल्पकार राहत होता, मातीकामात तयार मुलगा, तो पहिल्या दिवशी ऐटीत गेला आणि काकांनी त्याला माती मळायला बसवलं. आठवडाभर तेच. मग हात-पाय जोडायला दिले. रंगाला हात लावू दिला, पण डोळ्यांची आखणी नाही म्हणजे नाही. आखणी काका स्वतः करतात, रात्री, सगळे गेल्यावर, आणि तेव्हा रेडिओसुद्धा बंद असतो. हा मुलगा शेजारी कंदील धरून बसायचा. त्याने त्या महिन्यात स्वतःचं असं एकही शिल्प केलं नाही, मला विचारलं चालेल का, मी म्हटलं अर्जात कुठं लिहिलंय की करायलाच पाहिजे?

आणि भिंती! गणपती बसतो ती मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची, चित्र काढायचं, ही आपल्याकडची केवढी मोठी चित्रपरंपरा आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती पुढच्या वर्षी पुसली जाते. आता डिजिटल बॅनर लावतात बरेच जण, छापून आणलेला महाल नाहीतर हिमालय, तरी वाडीत अजून काही घरं भिंत रंगवतात. पूर्वी रंगवणारी पोरं मुंबईला गेली. तर मग एका संध्याकाळी दोघं-तिघं आमच्या अंगणात हजर, 'तुमच्याकडे पेंटर असत ना?' तेव्हा आमच्याकडे होती एक कोल्हापूरची चित्रकार, गेली काही वर्षं फक्त राखाडी रंगाचे चौकोन काढणारी. ती म्हणाली मी काढते. घरमालकांनी ऑर्डर दिली, "माका मोर व्हयो आणि मागे धबधबो." तिने मोर काढला. म्हणजे शाळेनंतर पहिल्यांदाच कोणाच्यातरी सांगण्यावरून काहीतरी काढलं असेल तिने. घरातली सगळी मागे उभी, पिसारा मोठा कर, डोळा नीट कर, पोरं रंग ढवळतायत, मधेच चहा. परीक्षण असं आलं, "मोर बरो इलो, धबधबो जरा कमी पडलो." तिला आर्ट गॅलरीत इतकं स्पष्ट कोणी कधी सांगितलं नव्हतं म्हणे. आणि ती गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटवीखाली मुलांबरोबर फुगड्या बघत बसली होती तेव्हा काकींनी मला हळूच सांगितलं, ह्या पोरीक काम येता हो. तिच्या चौकोनांबद्दल मी काकींना अजून सांगितलेलं नाही.

आता इथं माझं मत सांगून टाकते. शहरातल्या लोकांना 'कम्युनिटी एंगेजमेंट' नावाचा एक रोग झालाय. गावात जायचं, एक वर्कशॉप घ्यायचं, मुलांच्या हाताचे ठसे भिंतीवर उमटवायचे, फोटो काढायचे, निघायचं. आम्ही ते अर्जातच बाद करतो. गावात कामं ठरलेली असतात, कुठल्या महिन्यात कशाला माणसं कमी पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, तिथं जाऊन उभं राहिलं तर कोणीतरी हातात काहीतरी देतंच. नाही दिलं तर स्वतःचं काम करा. दोन्ही चालतं. तसंच शेवटी प्रदर्शनही आम्ही ठेवत नाही, कारण शेवटी प्रदर्शन आहे म्हटलं की माणूस पहिल्या आठवड्यापासून फ्रेमच्या साइजचा विचार करायला लागतो.

दिवाळीनंतरचं काय सांगू, त्रिपुरी पौर्णिमा झाली की जत्रा सुरू आणि जत्रा म्हणजे धयकालो, देवळात रात्रभर चालणारं दशावतारी नाटक. नागपूरची एक नाटककार मुलगी आली होती, ती महिनाभर रात्री जागी आणि दिवसा झोपलेली, मला ती फक्त संध्याकाळी पेज मागताना दिसायची. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, जी कंपनी जवळच्या देवळात असेल तिच्या मागे ही. आधी आडदशावतार, म्हणजे नाटकाआधीचा पूर्वरंग, त्यात गणपती, मोरावरची सरस्वती, मग संकासुर येऊन पोरांना घाबरवणार आणि हसवणार, आणि मग रात्री उशिरा आख्यान. तिला धक्का बसला तो रंगपटात. स्क्रिप्ट नाहीच! आज कुठलं आख्यान लावायचं, कोण राजा, कोण राक्षस, कुठं युद्ध, एवढं तोंड रंगवता रंगवता ठरतं, आणि मग पायपेटी, मृदंग नि झांजेच्या जोरावर माणसं पहाटेपर्यंत छंदात नि गद्यात बोलत राहतात, एक अक्षर लिहिलेलं नसताना. स्त्रीपार्टी बुवा दुपारी कुठंतरी रिक्षा चालवत असतात नाहीतर शेतात असतात. त्यांनी तिला विचारलं तुम्ही नाटक कसं बसवता, ती म्हणाली दोन महिने तालीम करतो. "दोन म्हयने? कशाक? लक्षात ऱ्हवणा नाय?" ती मुलगी जाताना तिचा अर्धा लिहिलेला ड्राफ्ट इथंच ठेवून गेली, मी तो कपाटात ठेवलाय, डांबरगोळ्या घालून.

थंडीत आम्ही थोडे फिरलो. पिंगुळीला गेलो, ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या बघायला. परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली ते तुम्ही वाचलं असेल, त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, आणि मला ते मुंबईतल्या एसी म्युझियमपेक्षा जास्त आवडतं. चित्रकथी म्हणजे सुट्ट्या पानांवर काढलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एकेक पान उचलून दाखवत गोष्ट गायची. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुने खेळायचे पत्ते, रंगवणाऱ्यांकडे एक दुपार बसलो, दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा, आणि ती गोल पानं हाताने रंगवायची, म्हणजे बारीक ब्रशने मान मोडून. ही कला बंद पडत आलेली, १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ती परत उभी केली.

मग कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, फार पूर्वी कोरलेली चित्रं. आमच्या जवळचं म्हणजे मालवण तालुक्यातलं कुडोपी, पण पुढे राजापुराकडेही गेलो, बारसू आणि देवाचे गोठणे. २०२२ पासून ही युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर ऊन इतकं की दहाच्या पुढे उभं राहवत नाही, जांभ्याच्या कातळात कोरलेली रेघ दुपारी दिसतच नाही, सकाळी तिरपं ऊन असतानाच दिसते. आमच्या शिल्पकाराचा एक मित्र सोबत होता, तो दगडात काम करतो, त्याने तिथं फोटो काढले नाहीत, नुसता पायाने रेघेची रुंदी मोजत फिरला. परतताना गाडीत म्हणाला, ह्याला बघणारा माणूस कुठं उभा राहणार होता? जमिनीवरून तर पूर्ण दिसत नाही. त्यावरून गाडीत जे भांडण लागलं ते कुडाळ येईपर्यंत. मला अजून वाटतं की बघणाऱ्यासाठी केलंच नसेल.

फेब्रुवारीपासून मे म्हणजे आमच्या उत्पन्नाचा काळ, काजू पडायला लागतो, बी गोळा करायला माणूस मिळत नाही. त्या वेळी आलेल्या दोघांना मी स्पष्ट सांगितलं होतं की सकाळी आठ ते दहा तुम्ही बागेत, मग दिवस तुमचा. एकाने फार छान केलं. दुसऱ्याच्या हाताला डिंक लागून फोड आले, त्याला घरी बसवला. शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा ह्या दोघांनाही ढोल वाजवायचा होता, दिला नाही कोणी, बरोबरच केलं.

मे महिन्यात आम्ही बंद. चाकरमानी येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, मांगरात भाचे-पुतणे झोपतात आणि भिंतीवर कोणीतरी कोळशाने क्रिकेटचा स्कोअर लिहून ठेवतं. यंदा तो मी पुसला नाही, जूनमध्ये येणाऱ्या बाईंना आवडेल असं वाटलं. त्या कावीवर काम करणार आहेत, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून पांढरी रेघ काढायची, कोकणातल्या नि गोव्यातल्या जुन्या देवळांवर असायची ती. पावसात चुना कसा सुकणार हे मी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या तेच बघायचंय. घेतलं लगेच.

तर पुढच्या वर्षासाठी अर्ज सुरू आहेत. दोन पानांच्या वर लिहू नका. हेअर ड्रायर आणू नका. चांगली टॉर्च, ओडोमॉस आणि तुमची रोजची औषधं आणा, मेडिकल लांब आहे. रेंज फक्त विहिरीजवळ येते, तीसुद्धा एकाच कंपनीची. पेज सकाळी दहाला मिळते, ती चुकली तर जेवण एकदम दोनला, मधे काही मागायचं असेल तर काकींकडे जावं लागेल आणि त्या विचारणार की सकाळपासून केलंत काय.