आभाळाची वाटणी

मुंबईच्या उंच इमारतींबद्दल मला आदर आहे, कुतूहल मात्र फारसं नाही. तिथं साठ मजल्यांच्या शेजारी सत्तर मजले उभे राहिले तरी खालच्या पानवाल्याची मान वर होत नाही. मजा आहे ती मधल्या शहरांत. सोलापूर, कोल्हापूर, लातूर, सातारा, पणजी. इथं उंच म्हणून बोट दाखवावं अशा चार-दोनच गोष्टी असतात आणि त्या अख्ख्या गावाला पाठ असतात. त्यांच्यात एखादी नवी यायला लागली, किंवा जुनी जायला लागली, की कुजबुज सुरू होते. मधल्या शहरांची स्कायलाइन मला आवडते ती या कुजबुजीसकट.

एसटी गावात शिरताना सगळ्यात आधी दिसते ती पाण्याची टाकी. हे कबूल करायला प्रत्येकाला जड जातं, कारण आपलं गाव शिखरावरून नाहीतर बुरुजावरून ओळखलं जावं असं वाटत असतं. पण हायवेवरून पहिलं दर्शन देते ती नगरपालिकेची टाकी. फिकट निळी, नाहीतर पिवळट, आणि पोटावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात. मग मोबाइलचे टॉवर. मग गच्च्या. काळ्या टाक्या, सोलरच्या नळ्या, वाळत घातलेल्या कुरडया, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून वर आलेल्या गंजक्या सळया. या सळया पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या असतात. पोरगं नोकरीला लागलं की मजला चढवू, त्याचं लग्न ठरलं की चढवू. पोरगं पुण्याला जातं, तिकडेच फ्लॅट घेतं आणि सळया इथं पावसात भिजत राहतात. काही मालक दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यावर सिमेंटचं पाणी मारतात, गंज खाऊ नये म्हणून. अजून वाट बघणं सुरू आहे.

सोलापूरबद्दल आधी बोलतो, कारण दिसण्याच्या बाबतीत सोलापूरला कुणी विचारत नाही. चादर, शेंगाची चटणी आणि ऊन, एवढ्यावर विषय संपतो. पण माझ्या मते महाराष्ट्रातल्या मधल्या शहरांत सगळ्यात रंगतदार आभाळ सोलापूरचं आहे. जुनं सोलापूर सपाट. पाऊस बेताचा आणि ऊन बेसुमार, त्यामुळे उतरत्या कौलांची गरजच पडली नाही. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर तुळया, त्यावर मातीचा थर, म्हणजे माळवद. उजेडासाठी छताला सवणं ठेवायचं आणि पाऊस आला की पळत वर जाऊन ते झाकायचं. उन्हाळ्यात रात्री अख्खी गल्ली वर झोपायची आणि या माळवदावरून त्या माळवदावर गप्पा चालायच्या. या सगळ्या सपाटीत उठून दिसायचे ते भुईकोटाचे बुरूज आणि तळ्यातल्या सिद्धेश्वराचं शिखर.

१८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली आणि देवळाच्या बरोबरीनं धुराडी आभाळात घुसली. गिरण्यांचे भोंगे वाजले की शहर जागं व्हायचं, जेवायला बसायचं. कापडाचा आणि व्यापाराचा पैसा आला, मग तो दाखवायची हौसही आली. आप्पासाहेब वारदांनी इंद्रभुवन बांधलं ते याच भरभराटीच्या काळात. घुमट, कमानी, महिरपी, कोरलेल्या आकृती. नाव ठेवलं तेही इंद्राचं. पुढे तिथं महापालिकेचं कार्यालय आलं. इंद्राच्या महालात घरपट्टी भरायची ही सोय दुसऱ्या कुठल्या शहरानं आपल्या नागरिकांना दिली असेल असं वाटत नाही.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मग सोलापूरच्या आभाळात खरी मोठी राहिली ती होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. उंची नव्वद मीटरच्या आसपास, आणि शेजारीच विमानतळ. म्हणजे चिमणी ठेवायची की विमान आणायचं, असा सरळ सवाल. त्यावर सोलापूर वर्षानुवर्षं भांडलं. कारखान्याचे सभासद म्हणत, चिमणी गेली तर आमच्या उसाचं काय? शहरातले म्हणत, विमान येत नाही म्हणून कंपन्या येत नाहीत, कंपन्या येत नाहीत म्हणून पोरं राहत नाहीत. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १५ जून २०२३ला चिमणी पाडली. दोन वर्षांनी, जून २०२५मध्ये, गोव्याचं विमान सुरूही झालं. कोण बरोबर होतं हे सांगायला मी बसलेलो नाही. मला अप्रूप याचं की एका चिमणीसाठी चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा बाजू घेऊन बोलत होता. मोठ्या शहरात एखादी चिमणी पडली, तर खालच्या रस्त्यावर ट्रॅफिक किती तुंबला एवढीच चौकशी होईल.

आणि दरवर्षी संक्रांतीला सोलापूरची स्कायलाइन चक्क चालायला लागते. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. दोन मजली घरालाही मान वर करायला लावतील अशा या काठ्या आडव्या नेत नाहीत, उभ्या पेलतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कमरेला ती काठी तोलतो, चार-दोन पावलं संथ टाकतो, आणि भोवतीचे सगळे तिच्या शेंड्याकडे बघत राहतात, कारण शेंडा हलला की पावलानं तो सावरायचा असतो. सिद्धेश्वरानं शहरभर स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर जुन्या गल्ल्या आहेत, वर तारा आहेत, पुढे आलेल्या गॅलऱ्या आहेत. त्या दिवशी वाट कुणी कुणाला द्यायची याबद्दल मात्र वाद होत नाही.

कोल्हापूरचं वेगळं. कोल्हापूरला आपण देखणे आहोत हे माहीत आहे. काळा दगड, मनोरे, घड्याळं. नवा राजवाडा १८८४च्या सुमाराला पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा. कमानी मुसलमानी धाटणीच्या, नक्षी देवळांची आणि मनोऱ्यात घड्याळ विलायती. तरी ते सगळं मिळून कोल्हापुरी दिसतं, कारण दगड इथला आहे. याच मँटनं बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा केला, पण तो पुरा व्हायच्या आधीच, १८८१ला, वारला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमनं केलं. दोन मराठी गाद्या, दोन राजवाडे आणि डोकं एकाच गोऱ्याचं. बडोद्याचा राजवाडा भव्य आहे, मान्य. पण कोल्हापूरचा शहराच्या मापाचा वाटतो. हे ऐकून बडोदेकर रागावतील, रागावोत.

रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस आहे, १९३०च्या दशकातला. त्यालाही घड्याळाचा मनोरा. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाणाऱ्या कोल्हापूरकराला विचारलं की तुमच्या शहराची उंची किती, तर तो बहुतेक या मनोऱ्याकडेच बोट करेल. अंबाबाईच्या देवळाची शिखरं मात्र लांबून सहज सापडत नाहीत. खालचं देऊळ काळ्या दगडाचं, आणि वरची शिखरं नंतरच्या काळातली, विटा-चुन्याची. भोवती लॉज, साड्यांची दुकानं, फ्लेक्स. पण या देवळाचं आभाळाशी एक खातं आहे आणि ते अजून चुकतं होत नाही. ते म्हणजे किरणोत्सव.

नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटच्या दिवशी व फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवशी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ज्यांनी हे मोजून बांधलं त्यांच्या काळी पश्चिमेला झाडं आणि आभाळ असणार. आता महाद्वार रोड आहे. कुणाची पत्र्याची शेड पुढे आलेली, कुणाच्या गच्चीवरची टाकी, कुणाचा बोर्ड, कुठं वाढलेला मजला. म्हणून किरणोत्सवाच्या आधी वाटेतले अडथळे तपासतात, काढायला लावतात. एखाद्या वर्षी किरणं छातीपाशीच थांबली तर शहरभर खल होतो: ढग होते, धूळ होती, की अमक्याची टाकी? बाकी सगळीकडे इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीवरून आणि चटईक्षेत्रावरून ठरते. महाद्वार रोडवर त्यात मावळतीच्या सूर्यालाही मत आहे. नगररचनेचा याहून चांगला नियम माझ्या पाहण्यात नाही.

लातूरला वर बघून काही सापडत नाही. लातूर खाली बघायचं शहर आहे. मधोमध गंजगोलाई. १९१७ साली फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावरून वसवलेली, गोलाकार बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. नवखा माणूस चुकीच्या रस्त्यानं बाहेर पडला की फिरून पुन्हा गोलाईतच येतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. याच जिल्ह्यात किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला आणि सोलापूरच्या उन्हाळी रात्रींच्या निमित्तानं मघाशी ज्याचं कौतुक केलं तेच माळवद, त्याच दगडमातीच्या जाड भिंती, झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो गेले. नंतर नव्या जागी वसवलेली गावं बसकी आहेत, घराघरांत मोकळी जागा सोडलेली. त्या गावांतून जाताना मला बांधकामावर बोलायचा धीर होत नाही.

साताऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथं अजिंक्यतारा थेट शहराच्या डोक्यावर आहे. कुणी कितीही मजले चढवा, वर डोंगर बसलेलाच आहे. पणजीचंही थोडक्यात आटपतं. जिन्यांच्या नागमोडी रांगेवरचं ते पांढरंशुभ्र चर्च आणि खाली फोंतेन्या या जुन्या वस्तीतली पिवळी, निळी, तांबडी घरं. पोर्तुगीजांच्या काळात पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला, बाकीच्यांनी आपापला शोधायचा, असं गोव्यात सांगतात. उंचीऐवजी रंगानं मान ठरवायची ही युक्ती आपल्या नगरपालिकांना कधी सुचली नाही. सुचली असती तर भगव्यावर, निळ्यावर आणि हिरव्यावरून किती सभा तहकूब झाल्या असत्या ते सोडा.

आता हे सगळं सारखं होत चाललंय, ही माझी तक्रार. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली. त्याआधी दर शहराची वेगळी होती आणि त्या जंजाळात माणसं खरंच पिचायची, त्यामुळे सोय झाली यात शंका नाही. पण सोलापुरातली बारा मजली इमारत आणि कोल्हापुरातली बारा मजली इमारत शेजारी ठेवली तर त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत. खाली पार्किंग, दर्शनी भागाला करड्या रंगाचं पॅनेल, मधे एक उभी केशरी पट्टी, आणि नाव काहीतरी हाइट्स. पूर्वी घराला 'मातृछाया' नाहीतर 'श्रमसाफल्य' म्हणत, म्हणजे घर कुणामुळे झालं ते कळे. आता चार मजल्यांचीही हाइट्स असते. जुन्या पद्धतीचं एवढंच टिकलंय की बांधकाम चालू असताना दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात. तिचं तोंड सगळीकडे तेच, जीभ बाहेर.

परवा कोल्हापुरात एका अशाच इमारतीचा सॅम्पल फ्लॅट बघायला मित्राबरोबर गेलो होतो. दाखवणारा पोरगा तरतरीत होता. बाराव्या मजल्यावर अजून रेलिंग नव्हतं, दोरी बांधलेली. तिथं नेऊन त्यानं हात पसरला.

"बघा साहेब, अख्खा रंकाळा. शालिनी पॅलेस बी दिसतंय. जन्मभर असंच दिसत राहणार."

मित्र म्हणाला, "आणि समोरच्या प्लॉटवर उद्या इमारत आली तर?"

"येणारच की. चौदा मजली," पोरगा म्हणाला. "ती बी आमचीच हाय. पाहिजे तर बुकिंग तिकडं करून टाका."