४० केबीचा मारिओ आणि १५० जीबीचा घोडेस्वार

ऑक्टोबरात हरभऱ्याचं बियाणं न्यायला ओळखीचं गिऱ्हाईक आलं, की बिल फाडता फाडता मी विचारून घेतो, माळे झाडले का? दिवाळीची साफसफाई हीच माझ्या संग्रहाची सुगी. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या भागात १९९० च्या दशकात ज्या घरी पोरं होती आणि कापसाचे पैसे बरे आले होते, त्या घरी एखादा तरी टीव्ही गेम येऊन गेला. कोणी अमरावतीहून आणला, कोणी बहिरमच्या जत्रेतून. पुढे पोरं मोठी झाली, कोणी पुण्याला गेलं, कोणी शेती धरली, आणि गेमचा डबा माळ्यावर जुन्या गाद्यांखाली गेला.

सुरुवातीला लोक फुकट आणून द्यायचे. ‘घेऊन जाय बावा, आमाले काय कराचं हाय त्याचं?’ मग मोबाइलवर ते व्हिडिओ फिरले, जुनी नोट लाखाला, जुना रेडिओ दहा लाखाला, आणि माझी पंचाईत झाली. एका काकांनी वायर तुटलेल्या एकट्या रिमोटचे पन्नास हजार सांगितले. मी त्यांना चहा पाजला आणि विषय बोंडअळीकडे नेला. तो रिमोट शेवटी त्यांच्या नातवानं आजोबांना पटवून आणून दिला, मोबाइलच्या चार्जरच्या बदल्यात.

परदेशी संग्राहकांच्या हिशेबानं माझ्याकडे आहे तो सगळा कचरा. निन्टेन्डोनं जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम काढला, अमेरिकेत तो एनईएस म्हणून गेला. भारतात त्यांचं अधिकृत मशीन समुराई या नावानं विकलं गेलं, पण आमच्या पंचक्रोशीत ते कोणाच्या घरी होतं असं ऐकिवात नाही. आमच्याकडे आल्या त्या नकला: लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९ इन १’, आत खरे गेम पाच-सात, बाकी तेच गेम नाव बदलून पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारे. चित्रावर गेमशी काही संबंध नसलेला कोणी पहिलवान. मला हेच जमवायचं आहे. सीलबंद जपानी खोका आमच्या गावात कोणाच्याच बालपणात नव्हता; तो आणून कपाटात ठेवला तर ते दुसऱ्याचं बालपण होईल.

एक मात्र पैसे टाकण्याआधी बघून घ्या. आपल्याकडच्या मशीनना फॅमिकॉमची ६० पिनांची कॅसेट लागते. अमेरिकन एनईएसची कॅसेट ७२ पिनांची आणि आकारानंही मोठी, ती आपल्या खाचेत शिरतच नाही.

मशीन हाती आलं की ते लगेच लाइनीवर लावायचं नाही. आधी ॲडॉप्टर बघायचा. बहुतेक मशीन ९ व्होल्टवर चालतात, आतला ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ करतो आणि उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हा रेग्युलेटर हात लावू देत नाही. म्हणून त्याला जाड ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टनं कसून देतो. दुसरं, मीटर घेऊन मधली पिन प्लस आहे की मायनस ते तपासायचं. फॅमिकॉमच्या मूळ ॲडॉप्टरची मधली पिन मायनस असते, बाजारात सहज मिळतात त्यातल्या बहुतेकांची प्लस. नकली मशीनमध्ये कोणी काय पाळलं असेल याचा भरवसा नाही.

मग कॅसेट. लहानपणी सगळेच तिच्यात फुंकर मारायचे आणि ती चालायची. चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना उलट काळ्या पडत गेल्या. आता मी पांढऱ्या खोडरबरानं पिना हलक्या हातानं घासतो, मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाच्या काडीवर घेऊन पुसतो, काडी पांढरी निघेपर्यंत. निम्म्याहून जास्त ‘मेलेल्या’ कॅसेट एवढ्यानंच उठल्या. रिमोटची बटणं दबत नसतील तर आतल्या रबराच्या काळ्या टिकल्या झिजलेल्या असतात. दुसऱ्या बाद रिमोटचं रबर काढून लावायचं.

मशीन उघडल्यावर मधोमध काळा डांबरासारखा थेंब दिसला तर मात्र आशा आवरती घ्यावी. त्या थेंबाखाली उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते. ती गेली की बदलता येत नाही. असे डबे मी सुट्या भागांसाठी ठेवतो. माझी माय त्या खोक्याकडे बघून दर वेळी विचारते, ‘हे भंगार तू जमा काहून करून रायला?’ तिला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

एवढं करून मारिओ आणि कॉन्ट्रा कुठल्याही टीव्हीवर लागतात. आजच्या बऱ्याच एलईडी टीव्हींना पिवळी पिन लावायची सोय असते. चित्र जरा धुरकट, बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो, पण भागतं. अडतं ते बदकाच्या गेमवर. डक हंट, १९८४ चा. बंदुकीचा घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन दिसतो का ते बघतो. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटतच नाही. उजेड पडद्यावरून बंदुकीत येतो. हे सारं एकदोन फ्रेममध्ये उरकतं. एलईडी टीव्ही चित्र प्रक्रिया करून उशिरा दाखवतो, तोवर गेमनं ‘हुकला’ ठरवलेलं असतं. शिवाय बंदुकीतलं सर्किट जुन्या पिक्चर ट्यूबच्या ओळींच्या वेगाला, सेकंदाला सुमारे १५ हजार, जुळवलेलं असतं. तेव्हा बदकं मारायची तर डब्बा टीव्हीच पाहिजे.

आणि डब्बा टीव्ही भंगारात सापडतात. भंगारवाल्याला टीव्हीत रस नसतो, ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलमधल्या तांब्यात असतो. त्यानं पकड हातात घेण्याआधी पोचावं लागतं. मी गावातल्या फेरीवाल्याला सांगून ठेवलं की चालू असो की बंद, टीव्ही आला तर फोडू नको, तांब्याच्या भावापेक्षा वर देईन. काही दिवसांत एक २१ इंची टीव्ही हातगाडीवर दारात आला. लावला तर काळ्या पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ.

आमच्या शेजारच्या गावात एक टीव्ही मेकॅनिक काका आहेत. आता ते मोटरपंपांचे स्टार्टर आणि वाइंडिंग करतात. टीव्हीचं काम त्यांच्याकडे कोणी आणतच नाही. रेघ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

‘व्हर्टिकल गेला, भाऊ. आयसी भेटते. ईएचटी गेला असता तं हा टीव्ही कोंबड्या ठेवाच्या कामाचा होता.’

व्हर्टिकल म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, ईएचटी म्हणजे ट्यूबला मोठा दाब देणारा ट्रान्सफॉर्मर. त्यांनी आधी जाड स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ट्यूबचा चार्ज काढला. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो बराच वेळ राहू शकतो. संग्रह करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, कॅसेट घरी पुसा, रिमोट घरी उघडा, टीव्हीचं मागचं झाकण मात्र जाणत्या माणसाशिवाय काढू नका. काकांनी भिंग घेऊन बोर्ड पाहिला, दोन ठिकाणी ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला जोड, सापडलं, ते ताजं केलं, आयसी बदलला, शेजारचा फुगलेला कंडेन्सर बदलला. रेघ उघडत उघडत पडदाभर झाली. मजुरी सांगताना ते ओशाळले; मला ती फारच कमी वाटली.

तरी एक काम उरलं होतं. आमच्याकडे शेतीपंपांची लाइन आली की गावातला दाब खाली जातो आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसतं. जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर मध्ये टाकला आणि ते थांबलं.

त्या टीव्हीवर बरंच खेळून झाल्यावर मला एक गोष्ट खटकली. लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तोच मारिओ अंगावर आल्यासारखा पळतो, इथे मात्र रमतगमत. कारण साधं आहे. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे, आपले पाल पद्धतीचे ५० वेळा. माझ्याकडच्या नकला ५० वाल्या आहेत, आणि गेम प्रत्येक चित्रामागे एक पाऊल टाकतो. म्हणजे वेग सहाव्या हिश्श्यानं कमी. गाण्याचा सूर जवळपास तोच, लय संथ. मला जो मारिओ पाठ आहे तो जपानी पोरांच्या मारिओपेक्षा हळू धावतो. इम्युलेटरमध्ये वेग ५० वर आणता येतो. मी तो आणून ठेवला आहे, आणि कोणी ‘हे चुकीचं आहे’ म्हटलं तरी तसाच ठेवणार आहे.

आता नवे गेम. लोकांना वाटतं जुनं जपणं कष्टाचं, नवं म्हणजे बटण दाबलं की झालं. शहरात असेल. सुपर मारिओ ब्रदर्स हा गेम कॅसेटच्या चिपमध्ये सगळा मिळून ४० किलोबाइट, मोबाइलवर आलेल्या ‘शुभ सकाळ’च्या फोटोहून लहान. रेड डेड रिडेम्प्शन २ या घोडेस्वाराच्या गेमला पीसीवर १५० जीबी जागा लागते. दिवसाला २ जीबीचा पॅक पूर्णच्या पूर्ण त्यालाच दिला तर अडीच महिने, तेही टॉवर रोज चालू राहिला तर. सोयाबीन पेरून काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळपास पोचलो आपण.

म्हणून माझे नवे गेम नागपूरहून बसनं येतात. भाचा तिथे इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या खोलीवर फायबर आहे. मी यूपीआयनं स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम विकत घेतो, तो माझ्या खात्यातून त्याच्या लॅपटॉपवर उतरवतो आणि गेमचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकतो. इकडे ते फोल्डर स्टीमॲप्समधल्या कॉमन या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि स्टीमला इन्स्टॉल म्हणायचं; ते आधीच असलेल्या फायली तपासतं आणि जे कमी असेल तेवढंच ओढतं. मग नेट असतानाच गेम एकदा सुरू करून बघायचा आणि नंतर ऑफलाइन मोडवर जायचं. ही एक फेरी चुकवली तर ऐन वेळी लाइन आहे, वेळ आहे आणि गेम मात्र उघडत नाही असं होतं. राहता राहिले अपडेट. त्यांच्यासाठी पहाटेची वेळ बरी, तेव्हा टॉवरवर फक्त मी आणि दूधवाले.

एवढं करून असं झालं आहे की तीस वर्षांपूर्वीची कॅसेट मी संध्याकाळभरात चालू करतो आणि गेल्या महिन्यात निघालेल्या गेमची वाट बघत बसतो. त्यामुळे नवं घेताना आता मी आकार बघतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ असाच घेतला; भावाला सोडवायला निघालेली मुलगी, आणि भिंतींवरची चित्रं, हवेल्या आपल्या ओळखीच्या. मारामारी मला थोडी कोरडी वाटली, पण चालताना आजूबाजूला बघावंसं वाटतं असे गेम कमी असतात.

भाचा सुट्टीत येतो तेव्हा दोन्ही टीव्ही चालू असतात. एल्डन रिंगमधला जो राक्षस मला पहिल्या दोन फटक्यांत झोपवतो, त्याला तो गप्पा मारत मारत पाडतो. तोच भाचा जुन्या कॉन्ट्रात धबधब्याच्या लेव्हलला संपला आणि मला विचारतो, ‘मामा, सेव्ह कुठी हाय याच्यात?’ सेव्ह नाही, म्हटलं, तीन लाइफ आहेत. मग त्याला वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए शिकवलं. हा कोड आधी १९८६ मध्ये ग्रॅडियस या गेमच्या घरगुती आवृत्तीत आला होता, कारण ती बनवणारे काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तो गेम तपासताना जड जायचा. कॉन्ट्रात त्याच्या ३० लाइफ मिळतात. ३० घेऊनही तो बर्फाच्या लेव्हलला अडकला, मग चिडून २०२४ चा नवा ‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा’ लावला. आम्ही दोघं मिळून तो खेळलो. नव्यात आयुष्याची पट्टी मिळते, सोपी पातळी निवडता येते, चित्र देखणं आहे. पण एका गोळीत मरण्याच्या भीतीनं खांदे आवळून बसणं जुन्यातच आहे, आणि हे भाच्यानं कबूल केलं, मी बोललो नाही.

बदकाच्या बंदुकीवर मात्र आमच्या घरात दुसऱ्याच कोणाची सत्ता आहे. माय टीव्हीपासून चार फुटांवर खुर्ची टाकून बसते आणि तिचा नेम सहसा चुकत नाही. कधी चुकलाच आणि गेममधला कुत्रा हसला, की ती त्याला शिवी देते. तेवढा वेळ भंगाराचा विषय निघत नाही.

सध्या शोध पीएस टूच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ च्या, डिस्कचा चालू आहे. २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू, पतंग असलेला ‘देसी अड्डा’ हे भारतात बनलेले गेम पीएस टूवर निघाले होते. दुसरा मिळाला, खोक्यासकट; पहिला नाही. पीएस टूची लेन्सही आता दमली आहे, चंदेरी डिस्क (डीव्हीडी) वाचते, निळ्या डिस्क (सीडी) वाचताना कुरकुरते. भाच्याला या खेपेची यादी पाठवली आहे: हार्ड डिस्कवर ‘सिल्कसाँग’ हा गेम, जागा उरली तर घोडेस्वार, नागपूरच्या बर्डी बाजारात मिळाली तर पीएस टूची लेन्स, कॅसेटच्या खाचेसाठी ६० पिनांचे दोन सॉकेट, आणि मेकॅनिक काकांनी मागितलेली सोल्डरची एक रीळ.