कँडीच्या तळ्यावरची कबरगोया

श्रीलंकेतल्या कँडीत बुद्धाच्या दाताचं दंतमंदिर बघून तळ्याला फेरी मारायला निघालो, ते अर्ध्या वाटेवरच थांबलो. काठाच्या गवतात सहा फुटी पाणघोरपड ऊन खात पडली होती. शाळेची पोरं तिच्या शेजारून गप्पा मारत गेली. कोणी दगड उचलला नाही, ती हललीही नाही. गावाकडे घोरपड म्हटली की झुडपात शिरणारं शेपूट तेवढं दिसतं, त्यामुळे मी तासभर तिथून उठलेच नाही.

श्रीलंकेत घोरपडी दोन. तलगोया ही आपलीच घोरपड. कबरगोया ही पाणघोरपड, वजनात कोमोडो ड्रॅगनच्या खालोखाल. कँडीतच ३.२१ मीटर लांबीच्या एका कबरगोयाची नोंद आहे. दोघींत गोंधळ झाला तर नाकपुडी बघा. कबरगोयाची नाकपुडी गोलसर, अगदी थुतरीच्या टोकाशी. तलगोयाची फटीसारखी, डोळा आणि टोक यांच्या साधारण मध्यावर. दुर्बीण असेल तर लांबूनही कळतं.

तलगोयाचं मांस लोक खात आले. कबरगोया मात्र विषारी मानली गेली, म्हणून ताटात आली नाही. तिची ही निर्धास्त चाल त्या समजुतीचीच देणगी असावी, असं मला वाटतं. मेलेले मासे, खेकडे, उंदीर, अंडी, सगळं ती फस्त करते. तळ्याची सफाई फुकटात होते.

परतीच्या दिवशी नेगोंबोजवळ मुथुराजवेलाच्या पाणथळीत होडी घेतली. विमानतळ जवळच आहे, त्यामुळे शेवटच्या दिवसासाठी ही जागा सोयीची. पक्ष्यांसाठी पहाटे जावं, पण घोरपडीसाठी ऊन चढू द्या. अंग तापवायला ती उन्हातच बाहेर येते. कालव्यावर वाकलेल्या फांद्या नीट न्याहाळा. तिथेच आम्हाला एक पिल्लू दिसलं, काळ्या अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या आडव्या रांगा. मोठेपणी हा रंग बराच मळतो. मोठी एक पाण्यात उतरली, पाय अंगाला चिकटवले आणि नुसत्या चपट्या शेपटीच्या वळशांनी पुढे सरकली.

नावाड्याला इंजिन बंद करायला आधीच सांगून ठेवा. काठावर असाल तर पाच-सहा मीटर लांब राहा, शेपटीचा फटका जबर बसतो. आणि बिस्किटं, उरलेला भात काहीही टाकू नका. कँडीत एक बाई प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकत होत्या, मी हात जोडून थांबवलं त्यांना.