तुम्ही विचारलंत म्हणून: लाखोळी खावी की नाही?

गावी आले की हा प्रश्न ठरलेला. बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुणाच्या मयतीला गेले तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "म्याडम, तुम्ही त त्याच्यावरच शिकल्या. लाखोळी खावाची का नाही जी?" शहरातले ओळखीचे लोक दुसऱ्या टोकाने विचारतात, की एका विषारी डाळीवर तुम्ही सगळी नोकरी कशी काढलीत? मला या दोन्हींचं उत्तर एकच वाटतं. ते "हो" किंवा "नाही" म्हणून देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ही डाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या आमच्या धानाच्या पट्ट्यात धान कापणीला यायच्या आत, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी फेकतात. नांगरणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती वाढते, निळसर फुलं धरते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वडे होतात, वरण होतं, भरडा होतो, आणि कुटार बैलांच्या तोंडी लागतं. शंभर ग्रॅम डाळीत २५ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं. हिंदीत हीच खेसारी, छत्तीसगडात तिवरा.

मी साकोलीकडच्या एका गावची. नागपूरला एम.एस्सी. करताना जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात या डाळीचं नाव पहिल्यांदा छापलेलं दिसलं, तेही लॅथिरिझम या आजाराखाली. ही डाळ खाऊन माणसाचे दोन्ही पाय कायमचे आखडतात, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात, टाच टेकत नाही, आधी एक काठी, मग दोन, आणि शेवटी माणूस बसून सरकू लागतो, असं तिथे लिहिलं होतं. आमच्याकडे घरोघरी लाखोळी खात होते आणि असा माणूस मी गावात पाहिला नव्हता. पुस्तक खोटं नव्हतं. गावही खोटं नव्हतं. या दोघांचा मेळ कसा बसतो हे शोधायला मी हैदराबादला पीएच.डी.ला गेले, आणि तिथून पुढे सगळी वर्षं शरीरातल्या अमायनो आम्लांच्या चयापचयातच गेली.

पुस्तकातली गोष्ट कुठून आली ते आधी सांगते. मध्य प्रदेशातल्या सागर शहराकडच्या एका गावाची हकीकत विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे, ती १८४४ साली छापली गेली. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ला पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं टिकली ती फक्त ही डाळ. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ पासून गावातली तरणी पोरं कमरेखाली लुळी पडू लागली. पुढे विसाव्या शतकात रीवा-सतना भागात हेच वेगळ्या कारणाने घडलं. तिथे वेठीच्या गड्याला मजुरीच खेसारीची मिळायची. पाऊस चांगला झाला तरी त्याच्या ताटात दुसरं काही येत नव्हतं.

आता विषाबद्दल. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते डाळीतून वेगळं काढलं. बीटा-ओडॅप हे त्याचं आखूड नाव. हेही एक अमायनो आम्लच, पण प्रथिनं बांधण्याच्या कामाचं नाही. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत ग्लुटामेट नावाचा पदार्थ एका पेशीचा निरोप दुसरीला देतो. ओडॅप त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं आहे की पेशी त्याला ग्लुटामेटच समजते. निरोप थांबतच नाही, पेशी नको इतकी चेतते, आणि पाय हलवणारे लांब मज्जातंतू हळूहळू मरतात. प्रयोगशाळेत एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलाला हे टोचलं तर मान मागे ओढली जाऊन झटके येत. तेच पूर्ण वाढलेल्या उंदराला टोचलं तर बहुतेक वेळा काही होत नसे. मला या दुसऱ्या निकालाने जास्त पकडून ठेवलं. विष तेच, तरी एक शरीर सांभाळून घेतं आणि दुसरं घेत नाही. मग सांभाळून घेणारं शरीरात असतं काय?

उत्तराचा मोठा भाग गंधकात आहे. पेशी अशा माऱ्यापासून वाचतात त्या ग्लुटाथायोन नावाच्या रेणूच्या जोरावर, आणि तो तयार व्हायला गंधक असलेली अमायनो आम्लं लागतात: मेथिओनीन आणि सिस्टीन. कुठल्याही डाळीत ही कमीच, लाखोळीतही कमी. भातात, ज्वारीत, गव्हात, दुधात, अंड्यात, मासळीत ती पुरेशी मिळतात. म्हणजे जो माणूस फक्त लाखोळी खातो त्याच्या पोटात विष जातं आणि विषाला अडवणारा माल मात्र जात नाही. तिच्याबरोबर भाताची परात, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासळी, अंबाडीची भाजी असेल, तर तेच विष शरीर पुष्कळसं निभावून नेतं. आजार दिसला तो जिथे एकूण आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ही डाळ होती, आणि तेही सलग दोन-तीन महिने. आमच्या गावात ती कधीच एकटी खाल्ली जात नव्हती. माझ्या कोड्याचं उत्तर एवढं साधं होतं, पण ते पेशीच्या पातळीवर पटवून द्यायला अनेकांची आयुष्यं लागली. त्यात माझा वाटा थोडासाच.

दुष्काळाची एक दुष्ट बाजू इथेच सांगते. पाण्याचा ताण पडला की या झाडात ओडॅपचं प्रमाण वाढतं. म्हणजे ज्या वर्षी दुसरं काही पिकत नाही, नेमक्या त्याच वर्षी ही डाळ जास्त विषारी होते.

पश्चिम विदर्भातले लोक हे ऐकून म्हणतात, आम्ही ज्वारीवाले, आम्हाला काय त्याचं. त्यांना मी पेलाग्राची आठवण करून देते. १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दाखवलं की दख्खनच्या पठारावर कातडी काळवंडून सोलली जाण्याचा हा आजार ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये होतो. ज्वारीतल्या ल्युसीन या अमायनो आम्लावर त्यांनी ठेवलेला ठपका पुढे वादात सापडला. पण ज्वारीबरोबर ज्यांच्या ताटात इतर काही होतं त्यांना हा आजार होत नव्हता, हे खरंच राहिलं.

१९६१ साली केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी घालायची तरतूद आली आणि महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांनी ती लागू केली. पेरणी चालूच राहिली, त्यामुळे डाळ चोरून तुरीत आणि बेसनात मिसळली गेली. जो माणूस ती ओळखून, धुऊन, बेताने खात होता त्याच्यासाठी ती बेकायदेशीर झाली, आणि ज्याला पत्ताच नव्हता त्याच्या भज्यात ती गेली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला, उपोषणं केली. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठवली. त्यांच्या प्रत्येक विधानाशी मी सहमत नव्हते. मला डाळ निर्दोष वाटत नाही. तरीही बंदी उठली हे योग्यच झालं, कारण ज्या गरिबीमुळे पाय जातात तिच्यावर त्या बंदीचा काहीच इलाज नव्हता.

तर आता सरळ विचारलंत तसं सरळ सांगते. आठवड्यातून एक-दोनदा, भात किंवा भाकरीबरोबर, भाजीबरोबर लाखोळी खा. सणाचे वडे बिनधास्त करा. डाळ भरपूर कढत पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, कारण विष पाण्यात उतरतं. वरणात आटवू नका. शिजवताना उरलेल्यातला काही भाग कमी विषारी रूपात बदलतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. बियाणं घेताना रतन किंवा प्रतीकसारख्या कमी ओडॅपच्या जाती मागा. रोज, दोन्ही वेळा, तीच एक डाळ मात्र नको. वाढत्या मुलांना आणि राबणाऱ्या तरुणांना तर नकोच, कारण हा आजार सगळ्यात जास्त तरण्या पुरुषांनाच धरतो.

आणि कुणाच्या पोटऱ्या सकाळी ताठ होत असतील, पळताना पाय अडखळत असतील, तर त्याच दिवशी डाळ बंद करून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांना लाखोळीचं नाव आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. मेलेले मज्जातंतू परत येत नाहीत. पण खाणं थांबलं की आजार सहसा तिथेच थांबतो, आणि पहिल्या काठीच्या आत थांबला तर माणूस बांधीत उतरून रोवणी करू शकतो.